पंचफुलाबाईंची आरी

रस्त्याच्या कडेला, शेताच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर, किंवा नाल्यात औषधाचा रिकामा डबा दिसला की पंचफुलाबाई थांबत. कितीही घाई असो. डबा पायाने उलटा करत, कमरेला खोचलेली आरी काढत आणि बुडाला एक, बाजूंना दोन अशी भोकं पाडत. नेहमी तीनच. आरी म्हणजे चपला शिवणाऱ्यांची लाकडी मुठीची जाड सुई. कमरेला टोचू नये म्हणून तिच्या टोकावर त्यांनी बांबूची बोटभर नळी बसवली होती. भोकं पाडून झाली की आरी मातीत दोनदा खुपसून पुसायची, नळी चढवायची आणि पुढे चालायचं.

ईशान आणि अन्वी, गेल्या उन्हाळ्यात तुम्ही यवतमाळला आला होता तेव्हा मी न्हाणीघर धुण्याच्या ॲसिडच्या रिकाम्या बाटलीला भोकं पाडत होते. अन्वीने विचारलं होतं, "आजी, त्या बाटलीने तुझं काय बिघडवलं?" तेव्हा गॅसवर कुकर होता, म्हणून मी "नंतर सांगते" म्हणाले. तुमची आई तुम्हाला आता जे वाचून दाखवते आहे ते म्हणजे माझं ते "नंतर".

पंचफुलाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेही हेच करताना. घाटंजीजवळच्या एका गावच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू होण्याचा माझा पहिला दिवस होता. एसटी फाट्यावर सोडायची. तिथून शाळेपर्यंत दोन्ही बाजूंना छातीएवढी कपाशी आणि हवेत फवारणीचा उग्र वास. माझ्यापुढे एक बाई डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन चालल्या होत्या. एकाएकी त्यांनी टोपली उतरवली, धुऱ्यावर बसल्या आणि एका पांढऱ्या डब्यात काहीतरी खुपसू लागल्या.

"काय करताय?" मी विचारलं.

"मारून राह्यली."

"कोणाला?"

"डब्याले." त्यांनी वर पाहिलं. माझी इस्त्रीची साडी, पर्स, हातातली फाइल, सगळं नीट निरखलं. "नव्या मोठ्या बाई तुमीच काय? चाला मंग. तुमच्याच शाळेची खिचडी माह्याकडं हाये."

आमच्याकडे कपाशीवर फवारायच्या कीटकनाशकाला औषध म्हणतात. ते ज्या डब्यात येतं तो डबा मात्र फार देखणा असतो. जाड, पांढरा, घट्ट झाकणाचा, धरायला मूठ असलेला. तुमच्या शाळेत शिकवत असतील की माणसं वस्तू फार लवकर फेकून देतात. तिकडे ते खरं असेल. आमच्या गावात उलटं होतं. कोणी काही फेकतच नसे. फाटक्या साडीची गोधडी होई, टायरची चप्पल होई, आणि औषधाच्या डब्यात रॉकेल, बियाणं, तेल, कधी कधी शेतावर न्यायचं पाणीसुद्धा भरलं जाई. नवा डबा विकत घेण्यापेक्षा हा धुऊन घेणं कोणालाही शहाणपणाचं वाटे. पंचफुलाबाईंचं भांडण त्या शहाणपणाशी होतं. "साबूत डबा दिसला का बाईमानसाचं मन होते," त्या म्हणत. "बुडाले भोक पाडलं का मंग कोनाचं मन होत नाई."

पारावर बसलेले लोक त्यांची टिंगल करत. "पंचफुला, आज किती मुडदे पाडले व?" त्या चालता चालता सांगत, "तुह्या घरचा एक राह्यला हाये. आनून दे, इथीच पाडतो कार्यक्रम."

शाळेत त्यांचं राज्य चुलीवर होतं. उंचीने माझ्या खांद्याला लागत, पण आवाज तिसऱ्या वर्गापर्यंत जाई. स्वयंपाकघराच्या मागे त्यांनी मेथी, पालक, वांगी लावली होती. हात धुण्याचं पाणी चर खणून त्या वाफ्यांकडे वळवलं होतं. दर सोमवारी त्या आणखी एक काम करत, जे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मुलांना रांगेत उभं करून त्या एकेकाची पाण्याची बाटली उघडून हुंगत.

"मावशी, काय वास येते?" मुलं विचारत.

"तू दात घासले नाई, थो वास येते. चाल पुढं."

मी मात्र वेगळ्या मुशीतली. नागपुरात इंग्रजी शाळेत शिकलेली, यादी केल्याशिवाय बाजारात न जाणारी. रुजू झाल्यावर महिनाभरात मी शाळेत कचऱ्याचे दोन डबे ठेवले. हिरवा ओल्या कचऱ्याचा, निळा सुक्याचा, दोन्हींवर सुबक अक्षरं. पंचफुलाबाईंनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली.

"बाई, तिसरा कुठी हाये?"

"तिसरा कशाचा?"

"ज्याले कोनीच हात लावू नाई, त्याचा."

"तसा कचरा शाळेत होत नाही," मी म्हणाले. आणि पुढच्या कामाला लागले.

दोन वर्षांनी माझ्या हातून जी चूक झाली ती आळसातून झाली नाही. चांगल्या हेतूने आणि पूर्ण नियोजन करून झाली, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगते. तालुक्याच्या शाळांची "टाकाऊतून टिकाऊ" अशी स्पर्धा होती. उन्हाळा तोंडावर आला होता, पाखरं चोच उघडी टाकून फिरत होती. मी ठरवलं, आपली मुलं पाखरांसाठी पाणपोया करतील. प्रत्येकाने घरून एक रिकामा प्लास्टिकचा डबा आणायचा. बत्तीस मुलं, बत्तीस डबे. त्यांतले बहुतेक कशाचे असणार हे मला कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. मी त्यावर नियम केला. प्रत्येक डबा साबणाने तीनदा धुवायचा, उन्हात वाळवायचा, लेबल खरवडून काढायचं आणि मग मला दाखवायचा. मी प्रत्येक डबा हुंगून पाहिला. मला फक्त साबणाचा वास आला.

सातवीतल्या वैष्णवीची कल्पना सगळ्यांत छान होती. तिने डब्याच्या चारही बाजूंना कमानीसारख्या खिडक्या कापल्या, तळाशी चार बोटं पाणी राहील एवढं ठेवलं, मुठीतून तार ओवली आणि वर गेरूने वेल काढली. बाकीच्यांनी तिचंच पाहून केलं. ओळीने ठेवलेल्या त्या डब्यांकडे पाहताना मला फार अभिमान वाटत होता.

पंचफुलाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "बाई, हे डबे कायचे हायेत?"

"कसलेही असोत, तीनदा धुतलेत. माझ्यासमोर."

"मी बी धुतलता," त्या म्हणाल्या.

कधी, कोणता, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्यांनी वाफ्यांतली सगळी मेथी आणि पालक उपटून खड्ड्यात पुरला होता, वर माती लोटली होती. मुलांची ताजी भाजी! मी रागावले. त्या खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पोराईनं डबे कुठी धुतले? नळावर. नळाचं पानी कुठी जाते? धुतलं मनजे गेलं नाई बाई. खाली गेलं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पाखराईले त्याच्यात पाजू नका. हात जोडतो."

"पंचफुलाबाई," मी म्हणाले, "तुम्ही स्वयंपाकघर बघा. शिकवायचं काम माझं आहे."

हे वाक्य मी जसं बोलले तसं लिहिलं आहे. गाळलं असतं तर हा मजकूर दिसायला बरा झाला असता, पण खरा राहिला नसता.

स्पर्धेच्या दिवशी अकरा वाजता तालुक्याहून पाहुणे येणार होते. मी दहाला शाळेत पोचले. आदल्या दिवशी आम्ही बत्तीसही डबे पटांगणातल्या कडुनिंबाला टांगून पाणी भरून ठेवलं होतं. झाडाखाली चिखल झाला होता. प्रत्येक डब्याच्या बुडातून पाणी ठिबकत होतं. पंचफुलाबाई बुंध्याला टेकून बसल्या होत्या, आरी मांडीवर, नळी न चढवलेली. पळून जाण्याचा किंवा लपण्याचा त्यांचा मुळीच विचार दिसत नव्हता. भोवती मुलं जमली होती, निम्मी रडत होती.

"मावशी, माहा बी फोडला?" वैष्णवी किंचाळली.

"तुहा तं सगळ्यात पह्यले."

मला इतका राग आला होता की माझा आवाज उलट खालीच गेला. मी म्हटलं, "पंचफुलाबाई, उद्यापासून येऊ नका. मी शाळा समितीला लिहिते आहे."

याचा अर्थ आम्हा दोघींनाही माहीत होता. नवरा वारल्यावर शाळेची चूल हेच त्यांचं बारमाही काम. ती गेली तर पुन्हा दुसऱ्यांच्या रानात निंदण-खुरपण, तेही कोणी बोलावलं तर. त्या उठल्या, पदर झटकला. "काढा बाई. पन ते भोकं बुजवू नका." दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "आजची खिचडी तयार हाये. पोराईले वाढून देतो, मंग जाईन." आणि खरंच, त्यांनी पंगत बसवली, सगळ्यांना वाढलं, भांडी घासून पालथी घातली, स्वयंपाकघराची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि गेल्या.

पाहुण्यांना मी चहा देऊन निरोप दिला. मुलं घरी गेल्यावर तक्रार लिहायला बसले. विषय, संदर्भ, घटनेचा तपशील, सगळं शिस्तीत. तक्रारीला पुरावा जोडायला हवा म्हणून वैष्णवीचा डबा झाडावरून काढून आणला. तो मातीने बरबटलेला होता. कागदात गुंडाळण्याआधी मी तो ऑफिसमधल्या पांढऱ्या बेसिनवर नळाखाली धरला आणि उलटासुलटा केला.

त्या डब्याची मूठ आतून पोकळ असते. मी डबा उलटा केला तेव्हा मुठीतलं पाणी बाहेर आलं. ते पाणी दुधासारखं पांढरं होतं.

मी परत पाणी घातलं. परत पांढरं. मग झाकण फिरवून काढलं. झाकणाच्या आत पातळ चकती बसवलेली असते, ती मी टाचणीने उचकटली. तिच्याखाली पिवळसर, चिकट थर होता. वास घ्यावाच लागला नाही. फाट्यावरून पहिल्या दिवशी चालत येताना कपाशीत जो वास होता तोच त्या बेसिनमधून वर आला. तीनदा धुण्याचा नियम मी केला होता, मुलांनी तो पाळला होता, मी तपासला होता. मूठ आणि झाकण आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. बत्तीस मुलांचे हात आठ दिवस त्या डब्यांत होते. कोणी आजारी पडलं नाही, पण त्यात माझ्या शिस्तीचा काहीही वाटा नव्हता.

मी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. खुर्चीत बसल्यावर ते धुतल्याचं पाणी कुठे गेलं असेल हे मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. वस्तीत विहाराला लागून त्यांचं घर. सारवलेली ओसरी, आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्यांची मुलगी संगीता चार दिवसांसाठी माहेरी आली होती. तिने मला पाट दिला आणि चहा ठेवायला आत गेली.

"मी चुकले," मी म्हणाले.

पंचफुलाबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. "मूठ पाह्यली काय?"

"मूठ पाहिली. आणि झाकण."

"झाकनाचं मले बी मागूनच समजलं." त्या आतल्या चुलीकडे नजर ठेवून हळू बोलू लागल्या. त्यांचा नवरा लोकांच्या शेतात फवारणीला जायचा. एकदा मालकाने रिकामा डबा दिला. पांढराशुभ्र. त्यांनी तो राखेनं तीनदा घासला, वाळवला आणि शेतावर जाताना त्यात पाणी भरलं. संगीता चार वर्षांची होती. तहानेला लेकरू पहिलं, म्हणून पहिला घोट तिला पाजला. दुपारपर्यंत तिच्या तोंडाला फेस आला. बैलगाडीने फाट्यापर्यंत, तिथून जीपने यवतमाळ. चार दिवस ती दवाखान्यात होती.

"डॉक्टर इचारे, सासू इचारे, काय खाल्लं, काय खाल्लं. म्या सांगतलं, शेतात काई तोंडात घातलं असन. पोरगी वाचली बाई, पन खरं काई माह्या तोंडातून निघालं नाई. घरी आल्यावर पह्यले थो डबा फोडला. मंग रस्त्यानं दुसरा दिसला. मंग थांबनंच झालं नाई."

"हे मुलांना सांगाल?" मी विचारलं. "मी सांगितलं तर तो धडा होईल. तुम्ही सांगितलं तर त्यांच्या लक्षात राहील."

"खिचडीले आजच येतो, किल्ली द्या. पन पोराईले सांगाचं असन तं पह्यले तिले सांगा लागन." त्यांनी आत हाक मारली. "संगीता, इकडं ये व."

संगीता चहाचं भांडं घेऊनच आली. पंचफुलाबाईंनी तिला तीन वाक्यांत सगळं सांगितलं, माझ्यासमोर, मान खाली न घालता. संगीता भांडं हातात धरूनच एकदम म्हणाली, "म्हनून व माय! माह्या लग्नात तू सासरचा माठ हुंगला, चार मानसाईत! सासू मले अजून टोमने मारते!"

पंचफुलाबाईंना आधी हसू आलं. रडू त्याच्यामागून आलं. पदराने डोळे पुसता पुसता त्या म्हणाल्या, "माठ चांगला होता पन."

तक्रार मी फाडली नाही. ती माझ्या फाइलमध्ये आहे, अर्धवट, खाली सही नसलेली. मला ती अधूनमधून वाचायला लागते.

त्याच आठवड्यात पंचफुलाबाई सातवीच्या वर्गात फळ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी डब्याची मूठ उलटी करून दाखवली, झाकणाची चकती काढून दाखवली आणि आपल्या हाताने भरलेल्या पाण्याची गोष्ट सांगितली. शेवटी वैष्णवीने हात वर केला. ती अजून फुगलेली होती. "पन मावशी, माहा सगळ्यात पह्यले काहून फोडला?"

"तुहा सगळ्यात चांगला झालता," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पाखरं पह्यले त्याच्यावरच आले असते."

त्यानंतर वैष्णवी शाळेतली त्यांची सगळ्यांत कडक शिष्या झाली. मुलांनी कुंभाराकडून मातीचे परळ आणून कडुनिंबाला टांगले. दोन परळ माकडांनी फोडले, बाकीच्यांवर बुलबुल आणि साळुंक्या यायला लागल्या. हिरव्या आणि निळ्या डब्यांच्या पलीकडे, कुंपणाबाहेर, झाकणाला कुलूप असलेला लोखंडी पिंप आला. त्यावर मुलांनी लाल रंगाने एकच ओळ लिहिली, "याला कोणीच हात लावू नये." गावातले डबे भोकं पाडून त्यात जमा होऊ लागले. पिंप भरल्यावर पुढे काय, हे मात्र सोपं नव्हतं. औषध विकणारे म्हणत, आम्ही विकतो, परत घेत नाही. एक जण म्हणाला, नाल्यापलीकडच्या खड्ड्यात टाका की. पंचफुलाबाईंनी तिथल्या तिथे त्याला विचारलं, "नाल्यापलीकडं काय मानसं राहत नाई काय?" मी पत्रं लिहिली, मुलांनी पत्रं लिहिली, वैष्णवी दर बाजाराच्या दिवशी एकेका दुकानासमोर जाऊन उभी राहिली. दोन हंगाम गेले. मग एका दुकानदाराने हंगामाअखेर गाडी पाठवून डबे गोळा करून वर कंपनीकडे पोचवण्याचं कबूल केलं, आणि पाळलं. एका गावाचे डबे, एका गाडीत. मी हे मोठं करून सांगत नाही. पण त्या गावात आता औषधाच्या डब्यातून कोणी पाणी पीत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

मी निवृत्त होऊन यवतमाळला आले तरी पंचफुलाबाई वर्षातून एकदा येत. जिना चढून आल्या की आधी माझ्या न्हाणीघरात डोकावत आणि रिकाम्या बाटल्या बाहेर आणत. "शिकलेल्या बाईच्या घरी बी साबूत!" म्हणत. मग कमरेची आरी काढत. त्यांचं ते बोलणं ऐकावं लागू नये म्हणून मी स्वतः भोकं पाडायला शिकले. अन्वी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

या हिवाळ्यात त्या गेल्या. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी शांत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गावी गेले. विहारासमोर मांडव घातला होता. माझे आता मोठे झालेले कितीतरी विद्यार्थी आले होते, वैष्णवी तिच्या लेकराला कडेवर घेऊन आली होती. वंदना झाली, लोक बोलले. जेवणाआधी पाण्याचे मोठे जार आले, भाड्याने आणलेले, निळे, घट्ट झाकणाचे. ऊन चढलं होतं. वैष्णवीच्या लेकराने पाणी मागितलं आणि दोन-तीन हात पेल्याकडे गेले.

"थांबा," संगीता म्हणाली.

ती पुढे आली. एकेका जारचं झाकण तिने फिरवून काढलं, आतली बाजू उन्हाकडे धरून पाहिली, नखाने कडा तपासली, मग वाकून पाणी हुंगलं. सगळे जार पाहून होईपर्यंत मांडवातले लोक हातात रिकामे पेले धरून उभे राहिले. गावातले म्हातारे, पारावर टिंगल करणारेही त्यांच्यात होते. कोणी हसलं नाही, कोणी घाई केली नाही.

पहिला पेला तिने वैष्णवीच्या लेकराच्या हातात दिला. दुसरा माझ्याकडे केला.

"प्या बाई," ती म्हणाली. "म्या पाह्यलं."

मी प्यायले.